वक्तृत्वोत्तेजक आणि सत्कार्योत्तेजक

पुण्याला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. पुढे १८९३ साली आमच्या धुळ्याला एक संस्था निघाली, तिचं नाव सत्कार्योत्तेजक सभा. दोन्ही नावं उच्चारताना जीभ जरा अडखळते, पण एकाखाली एक लिहून बघा, मजा येते. पुणेकरांनी बोलायला उत्तेजन दिलं आणि धुळेकरांनी करायला! (पुण्याच्या नातेवाइकांनी हे हलकेच घ्यावं. त्या काळी संस्थेच्या नावात 'उत्तेजक' घालायची पद्धतच होती.)

गंमत सोडली तरी या दोन नावांच्या मधे एक प्रश्न उभा आहे आणि तो बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळतोय. चांगल्या कामाबद्दल कुणीतरी बाहेरगावहून येऊन तासभर बोलतं. आपण ऐकतो, टाळ्या वाजवतो, चहा घेतो, घरी येतो. यातून पुढे काही घडतं का? की बोलणारा बोलून मोकळा, ऐकणारा ऐकून मोकळा?

खानदेशातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात हा प्रकार नेमाने चालतो. जळगाव घ्या, धुळे घ्या, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव.. रोटरी आहे, लायन्स आहे, त्यांच्या बायकांची आणि तरुणांची मंडळं आहेत, शिवाय ज्येष्ठ नागरिक संघ आणि वाचनालयांच्या व्याख्यानमाला. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय तर १८७७ सालचं, म्हणजे ऐकण्या-वाचण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. कार्यक्रमाचा साचा सगळीकडे एकच. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय (हा बहुधा भाषणाइतकाच लांब), शाल-श्रीफळ किंवा हल्ली एखादं रोप, मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, आभार आणि अल्पोपाहार. आभार मानणारा आठवणीने माईकवाल्याचेही आभार मानतो. विषय विचाराल तर नेत्रदान, पाणी अडवा, अनाथ मुलं, रक्तदान, आदिवासी पाड्यावरची शाळा. सगळे चांगलेच विषय. पुढच्या आठवड्यात वेगळा पाहुणा, वेगळा विषय, आणि मागच्या आठवड्याचं कुणाला आठवतही नाही.

म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू या. बोलण्यातून काम उभं राहिलं असं कधी घडलंय का, आणि घडलं तेव्हा नेमकं काय झालं होतं?

सुरुवात धुळ्यापासूनच करतो. सत्कार्योत्तेजक सभा काढणारे शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव. जन्म १८७१ चा. सभा काढली तेव्हा हा माणूस विशी नुकती ओलांडलेला होता! पुढे त्यांनी वकिली केली, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, पण जन्मभराचं काम ठरलं ते समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचं. गावोगावच्या मठांमधून हिंडायचं, माळ्यावर धूळ खात पडलेली बाडं मिळवायची, नकला करायच्या, छापायच्या. डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनीच उजेडात आणली. धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर म्हणजे या खटाटोपाचं फळ. १९५८ साली ते गेले, म्हणजे सभा काढल्यापासून पासष्ट वर्षं एका कामाला दिली. सत्कार्याला उत्तेजन देणं म्हणजे काय याची याहून सरळ व्याख्या मला तरी सुचत नाही. एक काम धरायचं आणि सोडायचं नाही.

धुळ्याचं दुसरं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. माणूस मोठा, स्वभाव तिखट, आणि मागे कागदपत्रांचा डोंगर. अशा वेळी गावं काय करतात? शोकसभा घेतात. चार भाषणं होतात, दोन मिनिटं उभं राहतात आणि पांगतात. धुळ्यात पुढच्या दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ ला, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. भास्कर वामन भटांसारख्या मंडळींनी ते चालवलं आणि ते कागद जपले. ते मंडळ आजही आहे. शोकाचे शब्द दहा दिवसांत संस्थेत बदलले, हे मला फार मोठं वाटतं. आपण कुणी गेलं की 'पोकळी निर्माण झाली' म्हणतो आणि ती पोकळी तशीच ठेवतो.

आता थोडं सातासमुद्रापलीकडे जाऊ. (विषयांतर वाटेल, पण नाही, थांबा.)

शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन ओळखीचे धंदेवाले एका कचेरीत जमले. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचं ठरलं, म्हणून नाव पडलं रोटरी. आज सेवा सेवा म्हणून ज्या संस्थेचं नाव घेतो ती सुरुवातीला सेवेसाठी निघालेलीच नव्हती. मोठ्या शहरात ओळखीपाळखी व्हाव्यात, एकमेकांना धंदा द्यावा, एवढाच हेतू. पुढच्या वर्षी, १९०६ मधे, डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटच्या वकिलाला सभासद व्हायचं निमंत्रण गेलं. त्याने नियम वाचले आणि विचारलं की हे सगळं तुमचं तुमच्यासाठी झालं, बाहेरच्यांसाठी यात काय आहे? ज्या संस्थेचा सभासदांखेरीज कुणालाच उपयोग नाही तिला फार भवितव्य नाही, असं त्याचं म्हणणं. हॅरिसला ते पटलं. मग क्लबने पहिलं सार्वजनिक काम कोणतं हाती घेतलं असेल? शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधून घ्यायचं! गाडगेबाबांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

त्याच १९०५ सालच्या १२ जूनला पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तिथे धंद्याच्या ओळखी वगैरे भानगड नव्हती. तुटपुंज्या मानधनावर उभा जन्म देशाला द्यायची शपथ घ्यायची. एकाच वर्षी, चार महिन्यांच्या अंतराने, सेवेचे दोन वेगळे रस्ते निघाले बघा. एक आयुष्य वाहून घेणाऱ्यांचा, दुसरा पोटापाण्याचं सांभाळून उरलेला वेळ देणाऱ्यांचा. आपल्यासारखे बहुतेक लोक दुसऱ्या रस्त्यावरचे. त्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्या रस्त्यावरच्या माणसाला पहिल्या रस्त्यावरचा माणूस अधूनमधून भेटावा लागतो, नाहीतर उरलेला वेळ हळूहळू नुसत्या जेवणावळींत जातो. सेवेच्या क्लबात बाहेरचा पाहुणा का बोलवायचा, याचं खरं कारण मला इथे दिसतं. कार्टर हा तसा पहिला बाहेरचा माणूस. भाषण नव्हे, त्याने एक अडचणीचा प्रश्न विचारला.

लायन्सची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मेल्व्हिन जोन्स यांनी १९१७ साली ही संघटना उभी केली. आठ वर्षांनी, ३० जून १९२५ ला, ओहायो राज्यात सीडार पॉइंट इथे तिचं अधिवेशन भरलं होतं आणि पाहुणी वक्ता होती हेलन केलर. दिसत नाही, ऐकू येत नाही अशी ही बाई, तोवर जगभर नाव झालेली. तिने लायन्सच्या मंडळींना थेट गळ घातली की अंधांचं काम तुम्ही तुमचं म्हणून स्वीकारा, अंधांचे शिलेदार व्हा. त्यांनी ते स्वीकारलं. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावी मोतीबिंदूचं शिबिर असलं की मांडवावर हमखास लायन्सचा फलक दिसतो. त्या फलकाचं मूळ त्या एका भाषणात आहे. शंभर वर्षं होऊन गेली त्याला.

आणि हेही लक्षात ठेवण्यासारखं, की जिने या संघटनेला तिचं मोठं काम दिलं, ती उभी होती पुरुषांच्या सभेपुढे. लायन्सची दारं सभासद म्हणून स्त्रियांना उघडली १९८७ साली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोटरीच्या एका क्लबच्या खटल्यात स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला तोही १९८७ सालीच आणि रोटरीने स्वतःचे नियम बदलले १९८९ मधे. म्हणजे बाई व्यासपीठावर चालत होती, हजेरीपटावर नाही. आमच्या लहानपणी अशा क्लबांच्या बायका जेवणाची व्यवस्था बघायच्या आणि त्यालाही सेवा म्हणायचे. आज खानदेशातल्या कित्येक क्लबांच्या अध्यक्ष बायका असतात. चांगलं झालं. पण किती उशिरा!

हेलन केलरच्या भाषणात आणि आपल्या नेहमीच्या भाषणांत फरक काय? माझ्या मते एवढाच, की तिने नेमकी एक गोष्ट मागितली. समाजाचं देणं लागतो, खारीचा वाटा, फूल ना फुलाची पाकळी, असलं काही नाही. हे एक काम आहे, ते तुम्ही घ्या.

आता परत धुळ्याला येऊ. तिथेच माझ्या या सगळ्या विचाराची खरी गाठ आहे.

साल १९३२. कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटलेली आणि धुळ्याचा तुरुंग सत्याग्रह्यांनी भरलेला. त्यात विनोबा भावे होते, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलची नोकरी १९३० साली सोडून चळवळीत आलेले साने गुरुजीही होते. कैद्यांनी विनोबांना गीतेवर बोलायची विनंती केली. २१ फेब्रुवारीला, रविवारी, पहिलं प्रवचन झालं आणि १९ जूनला शेवटचं. मधले रविवार मोजा, बरोबर अठरा भरतात. अध्याय अठरा, रविवार अठरा, एकही खंड नाही.

मला यातली गंमत अशी वाटते की आठवड्याच्या सभेचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडणार नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेले श्रोते आणि वक्ता एक. (श्रोत्यांना मधेच उठून जायची सोय नव्हती, हा वक्त्याचा फायदा!) समोर बसलेले काही संस्कृताचे पंडित नव्हते, साधेसुधे कार्यकर्ते होते. विनोबा त्यांच्याशी मराठीत बोलले, रोजच्या जगण्यातले दाखले देत बोलले. विषय म्हणाल तर सेवेच्या कुठल्याही क्लबाला पुरेल असाच. आपलं नेमून आलेलं काम मनापासून करायचं आणि फळाकडे डोळे लावून बसायचं नाही. कामाचा फोटो वर्तमानपत्रात आला पाहिजे, असं जिथे आज आपल्याला वाटतं, तिथे हा विषय किती अवघड आहे बघा.

पण नुसतं एवढंच झालं असतं तर ती प्रवचनं तुरुंगाच्या भिंतींत विरून गेली असती. किती तुरुंगांत किती थोर माणसं किती सुंदर बोलली असतील, कुठे काय राहिलंय? धुळ्याचं राहिलं, कारण श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांच्या हातात लेखणी होती. विनोबांचं बोलणं ते भराभर उतरवून घेत गेले. गुरुजींना याचा सराव होता. अमळनेरला छात्रालय सांभाळताना ते मुलांसाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे! रोज! ज्याने मुलांसाठी पहाटे उठून एकटाकी दैनिक लिहिलं त्याला अठरा रविवार काय जड. त्या टिपणांतून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं, भारतातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या भाषांत गेलं, परदेशी भाषांतही गेलं. बोलले विनोबा, पण पोचवलं गुरुजींनी. ऐकणाऱ्याचंही काही काम असतं, हे आपण विसरतो. वक्ता चांगला निघाला नाही म्हणून आपण तक्रार करतो, श्रोता चांगला निघाला नाही अशी तक्रार कधी कुणी ऐकली आहे का?

योगायोग बघा. त्याच १९३२ साली शिकागोत हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने डबघाईला आलेली एक कंपनी सावरताना चार प्रश्न लिहून काढले. मी म्हणतो किंवा करतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. रोटरीने पुढे १९४३ मधे ते आपले म्हणून घेतले आणि जळगाव-धुळ्याच्या सभांतूनही ते म्हटले जातात. एकीकडे शिकागोचा धंदेवाला, एकीकडे धुळ्याच्या तुरुंगातला संन्याशासारखा माणूस. दोघंही एकाच वर्षी जवळपास एकाच प्रश्नाशी झटत होते, की माणसाने आपलं काम कसं करावं. एकमेकांचं नावही त्यांच्या कानावर नसेल.

खानदेशाने मग १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरची काँग्रेस पाहिली. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी स्वतः हजर, बांबू-तट्ट्यांचं नगर सजवायला नंदलाल बोस. साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. भाषणं तर तिथे भरपूर झाली असणार. पण तेवढ्या माणसांचं पाणी, स्वयंपाक आणि मैला यांची व्यवस्था खेड्यात करून दाखवणं, हेच मला त्या अधिवेशनाचं सगळ्यात मोठं भाषण वाटतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल की तुम्ही सोयीची उदाहरणं निवडली. बरोबर आहे, म्हणून एक गैरसोयीचंही देतो. त्याच विनोबांनी १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीच्या सभेत हरिजनांसाठी जमिनीचा विषय काढला, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून शंभर एकर देऊ केले. तिथून भूदान सुरू झालं. बोलण्यातून काम उभं राहिल्याचं इतकं लखलखीत उदाहरण जगात क्वचितच असेल. विनोबा पुढे तेरा वर्षं देशभर पायी हिंडले, लाखो एकरांची दानपत्रं झाली. आणि तरीही त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वादातली निघाली, बरीच कधी वाटलीच गेली नाही. सभेत हात वर करणं एक आणि तलाठ्याच्या दप्तरी नोंद होणं दुसरं. मधल्या कंटाळवाण्या कामाला माणसं पुरली नाहीत. म्हणजे वक्ता विनोबांसारखा असला, मागणं नेमकं असलं, तरीसुद्धा मागे रेटून नेणारी चार माणसं नसली की शब्द कागदावरच राहतात.

उलट सिंधुताई सपकाळांचं बघा. २०२२ च्या जानेवारीत माई गेल्या. महाराष्ट्रात असं गाव नसेल जिथे त्यांचं भाषण झालं नाही. रोटरी म्हणू नका, लायन्स म्हणू नका, शाळा, गणेशमंडळं, महिला मेळावे.. भाषण हाच त्यांचा चरितार्थ आणि त्यांच्या शेकडो लेकरांचाही. व्यासपीठावरून उतरताना पदर पसरायच्या आणि त्यात पडलेल्या पैशांवर मुलांची जेवणं व्हायची. त्यांच्या भाषणाला आम्ही सगळे रडलो आहोत. त्या रडण्याला त्यांनी लगेच हिशेबात आणलं, उद्यावर टाकलं नाही. गाडगेबाबांची रीत तशीच होती. कीर्तनाच्या आधी गाव झाडून काढायचं, मग बोलायचं. आणि लोकांनी दिलेला पैसा धर्मशाळांच्या भिंतींत दिसायचा, बाबांच्या अंगावर नाही. अंगावर चिंध्याच.

हे सगळं आठवायला एक निमित्त झालं. माझा एक भाचा जळगावच्या अशाच एका क्लबात यंदा पदाधिकारी आहे. पोरगा कामाचा. तो परवा म्हणाला, "मामा, आम्ही पाहुणे बोलवणंच बंद करायचं म्हणतोय. वीस जण येतात, त्यातले दहा मोबाईलमधे. त्यापेक्षा त्या पैशात शाळेला दोन बेंच होतील." बोलणं बंद, काम चालू. ऐकायला हे एकदम सत्कार्योत्तेजक! मलाही क्षणभर पटलं. रोटरीनेसुद्धा २०१६ पासून दर आठवड्याला भेटायचा नियम सैल केला आहे, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं.

पण मग मी त्याला पोलिओची गोष्ट सांगितली. रोटरीने जगातून पोलिओ घालवायचा विडा उचलला १९८५ साली. आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ मधे. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, हावड्याला, आणि भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला २७ मार्च २०१४ ला. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मधे ४२, आणि २०११ मधे तो एक. सरकारी यंत्रणा, आशाताई, अंगणवाडीताई यांनी घरोघर जाऊन हे केलं, श्रेय पहिलं त्यांचं. पण विडा उचलल्यापासून दाखल्यापर्यंत एकोणतीस वर्षं गेली. तेवढ्या काळात क्लबांचे अध्यक्ष दरवर्षी बदलले, सभासदांच्या दोन पिढ्या उलटल्या. आणि तरी विषय सुटला नाही, कारण कुणीतरी दर थोड्या दिवसांनी उभं राहून त्याच विषयावर पुन्हा बोलत होतं. बेंच एकदा देता येतात. एकोणतीस वर्षं चालणारं काम न बोलता चालत नाही. आपण काय करतोय आणि का करतोय हे माणसं विसरतात हो, चांगली माणसंसुद्धा.

म्हणून माझं म्हणणं असं, की पाहुणे बंद करू नका, विषय कमी करा. वर्षाला चाळीस पाहुणे आणि चाळीस विषय म्हणजे नुसतं मनोरंजन. विनोबांनी अठरा रविवार एकच पुस्तक सांगितलं. क्लबाने वर्षाला एकच विषय घेतला तर? समजा पाणी घेतलं. मग वर्षभर पाण्याचेच पाहुणे. एक भूजलाचा अभ्यासक, एक शेतकरी, एक नगरपालिकेचा व्हॉल्व्ह सोडणारा (त्याच्याइतकं गावाच्या पाण्याबद्दल कुणालाच ठाऊक नसतं) आणि एक रोज दोन हंड्यांसाठी थांबणारी बाई. प्रत्येकाला आधीच सांगायचं की शेवटी आमच्याकडे एक नेमकी गोष्ट मागा. आणि सभासदांपैकी एकाने वही घेऊन बसायचं, कोण काय म्हणालं आणि आपण काय कबूल केलं ते लिहायचं, आणि पुढच्या सभेत आधी तेच वाचून दाखवायचं. आभाराच्या आधी.

आणि कधी पाहुण्याला बोलवण्याऐवजी आपणच त्याच्या गावी जावं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार या शिकलेल्या आदिवासी तरुणाने नोकरीमागे न जाता गावातच राहून लोकांबरोबर जंगल राखलं. उजाड डोंगर, कोरड्या विहिरी अशी त्या पाड्याची एकेकाळची कथा. गावाने स्वतःच नियम केले, झाड तोडलं की दंड. आज चारशे हेक्टरांच्या वर जंगल उभं आहे आणि पाणी टिकलं आहे. २००४ पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते, बायका शंभराच्या घरात भाज्या मांडतात. पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. ते शहरात येऊन छानच बोलतील, पण त्यांचं खरं भाषण त्या जंगलात उभं आहे. जळगावहून सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत ऐकून परत येता येईल.

शेवटी एक मागणं, तेही नेमकंच. आपल्या घरांत आजोबांच्या, पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकांत जुन्या वह्या असतात. कुणी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातलं व्याख्यान उतरवलेलं असतं, कुणी फैजपूरला स्वयंसेवक असताना चार ओळी लिहिलेल्या असतात, कुणी वाचनालयातल्या व्याख्यानमालेची टिपणं हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर काढलेली असतात. दिवाळीची साफसफाई करताना ते रद्दीत घालू नका. काका, आत्या, तुम्हाला विशेषकरून सांगतोय. बोलणारे गेले, ऐकणारेही गेले, पण कुणीतरी लिहून ठेवलं असेल तर ते काम अजून पुरं झालेलं नाही. सापडलं तर एक फोन करा, मी येऊन उतरवून घेईन.